रसायनाची शंकापेटी : आधी कोण आलं?

अकरावीचे वर्ग हायड्रोकार्बनच्या धड्यापर्यंत पोचले की शंकापेटीत एकाच जातीची पत्रं पडायला लागतात. यंदाही कळव्यापासून खारघरपर्यंत बहुतेकांचं दुखणं दुहेरी बंधाचंच आहे. एक पत्र मात्र थेट स्वयंपाकघरातून आलंय, आणि खरं सांगायचं तर मला तेच सगळ्यात आवडलं. ज्युनिअर कॉलेजात खडू हाती घेण्याआधी माझी उमेदीची वर्षं तुर्भ्याला, तेलाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. त्यामुळे तेलाचा विषय निघाला की माझं उत्तर लांबतं. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : मॅडम, प्रोपीनला एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) जोडताना हायड्रोजन कुठे जातो यासाठी आमच्या क्लासमध्ये ‘ज्याच्याकडे जास्त, त्यालाच आणखी’ असं शिकवलं. पेरॉक्साइड असेल तर उलट. मग हायड्रोबोरेशन आलं, तिथेही उलट, पण पेरॉक्साइडचा परिणाम नाही म्हणे. आणि एचसीएलला पेरॉक्साइड चालतच नाही. मी सगळं पाठ करते आणि सीईटीच्या सराव पेपरात नेमकं चुकीचं लिहून येते. काही युक्ती आहे का? (एक विद्यार्थिनी, कळवा)

उत्तर : युक्ती नाही, एक प्रश्न आहे. तो स्वतःला विचारायची सवय लाव, मग ही चारही प्रकरणं पाठ करावी लागणार नाहीत. प्रश्न असा, की दुहेरी बंधाशी आधी कोण आलं?

दुहेरी बंधातला सिग्मा बंध दोन कार्बनच्या मधोमध घट्ट बसलेला असतो, आणि दुसरा, पाय (π) बंध, वर-खाली पसरलेला. आकडेच बघ. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ३४७ किलोज्यूल लागतात, दुहेरी बंधाला सुमारे ६११. म्हणजे पाय बंधाच्या वाट्याला २६४च आले. शिवाय त्याचे इलेक्ट्रॉन उघड्यावर, त्यामुळे ज्याला इलेक्ट्रॉन कमी आहेत ते सगळे तिकडेच धावतात. समावेशन अभिक्रियेत हा पाय बंध जातो आणि त्याच्या जागी दोन नवे सिग्मा बंध येतात. एचबीआरच्या बाबतीत ते दोन एका क्षणी येत नाहीत. आधी आलेला एका कार्बनवर बसतो आणि दुसऱ्या कार्बनला अर्धवट अवस्थेत सोडतो. ती अर्धवट अवस्था ज्या बाजूला जास्त स्थिर, त्या बाजूने अभिक्रिया जाते. हायड्रोजन मोजायची गरजच नाही.

आता प्रोपीन घे, म्हणजे तीन कार्बनची साखळी, एका टोकाला दुहेरी बंध. नुसतं एचबीआर असेल तर आधी येतो प्रोटॉन. तो टोकाच्या कार्बनवर बसला की धन प्रभार मधल्या कार्बनवर येतो, आणि मधल्याच्या दोन्ही बाजूंना कार्बन असल्यामुळे तो प्रभार थोडा थोडा वाटला जातो. हे दुय्यम कार्बोकॅटायन. प्रोटॉन मधल्यावर बसला असता तर प्रभार टोकाला आला असता, म्हणजे प्राथमिक, आणि ते फारच अस्थिर. म्हणून प्रोटॉन टोकाला, मागून येणारा ब्रोमाइड मध्ये, उत्पादित २-ब्रोमोप्रोपेन. व्लादिमिर मार्कोव्हनिकॉव्ह यांनी कझानमध्ये १८६९-७० च्या सुमारास तुझ्या क्लासमधला हा नियम मांडला तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून पाव शतकाहून जास्त काळ होता. त्यांनी उत्पादितं पाहिली, हायड्रोजन मोजले आणि नियम बांधला. त्या काळी हातात तेवढंच होतं. तुझ्या हातात त्याहून जास्त आहे.

पेरॉक्साइड घातलं की काय होतं? त्यातला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध कमकुवत, थोड्या उष्णतेने तुटतो. तुटलेला तुकडा एचबीआरमधला हायड्रोजन पळवतो आणि मागे उरतो ब्रोमीनचा मुक्त मूलक, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला अणू. आता दुहेरी बंधाशी आधी येतो ब्रोमीन. तोसुद्धा टोकालाच बसतो, आणि एकटा इलेक्ट्रॉन मधल्या कार्बनवर राहतो, कारण दुय्यम मूलक प्राथमिकपेक्षा स्थिर. हायड्रोजन मागून येऊन मध्ये बसतो, उत्पादित १-ब्रोमोप्रोपेन. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी काढ. दोन्हीत पहिला आलेला टोकालाच बसलाय आणि अर्धवट अवस्था मधल्याच कार्बनवर आलीय. उलट झालं ते फक्त येण्याचा क्रम.

हे ओळखलं शिकागो विद्यापीठातल्या मॉरिस खराश आणि फ्रँक मेयो यांनी, १९३३ मध्ये, अलाइल ब्रोमाइडवर काम करताना. तोवर एकाच अभिक्रियेचं उत्तर एका प्रयोगशाळेत एक तर दुसरीत दुसरंच यायचं. बाटली जुनी असली, हवा लागलेली असली, की द्रव्यात पेरॉक्साइडचा अंश आपोआप तयार झालेला असायचा आणि तोच निकाल फिरवायचा. वर्गात हा भाग शिकवताना मागच्या बाकांवरचे मोबाइलही खाली ठेवले जायचे.

एचसीएलला आणि एचआयला हे का जमत नाही, याचं उत्तरही आकड्यांतच आहे. मूलकांची साखळी दोन पायऱ्यांची असते. आधी हॅलोजन मूलक दुहेरी बंधाला जोडला जातो, मग तयार झालेला कार्बन मूलक पुढच्या रेणूतला हायड्रोजन ओढतो. दोन्ही पायऱ्यांत ऊर्जा बाहेर पडली तर साखळी धावते. एचसीएलचा बंध सुमारे ४३१ किलोज्यूलचा, कार्बन मूलकाला तो तोडणं परवडत नाही, दुसरी पायरी अडते. एचआयचा सुमारे २९८, सहज तुटतो, पण आयोडीन मूलक दुहेरी बंधाला जोडायलाच पदरची ऊर्जा घालावी लागते, म्हणजे पहिली पायरी अडते. एचबीआर मधोमध, सुमारे ३६६, दोन्ही पायऱ्या नफ्यात.

हायड्रोबोरेशनमध्ये, म्हणजे बोरॉन-हायड्रोजनचं संयुग जोडताना, बोरॉन आणि हायड्रोजन एकाच बाजूने, जवळपास एकदमच जोडले जातात, पण ओढ बोरॉनची असते, कारण त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन सहाच. शिवाय तो अंगाने मोठा. तो टोकाच्या मोकळ्या कार्बनवर बसतो आणि पुढच्या टप्प्यात त्याच जागी ओएच येतो. म्हणून प्रोपीनपासून १-प्रोपेनॉल. एच. सी. ब्राउन यांना या बोरॉनच्या कामाबद्दल १९७९ चं नोबेल मिळालं, गेऑर्ग विटिग यांच्याबरोबर विभागून. इथे एक सापळा आहे. दुसऱ्या टप्प्यात हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, आणि ते नाव दिसलं की मुलं ‘पेरॉक्साइड परिणाम’ लिहून मोकळी होतात. त्याचा इथे संबंध नाही. जागा बोरॉनने आधीच ठरवलेली असते.

आणि ‘ज्याच्याकडे जास्त, त्यालाच आणखी’ या क्लासच्या मंत्राबद्दल माझं मत वाईट आहे. ३,३,३-ट्रायफ्लुओरोप्रोपीन त्या मंत्राला लावून बघ. मिथिलऐवजी तीन फ्लोरीनवाला कार्बन, इलेक्ट्रॉन जोरात ओढणारा. त्याच्या शेजारी, म्हणजे मधल्या कार्बनवर धन प्रभार येणं आता महागात पडतं, त्यापेक्षा टोक बरं. म्हणून प्रोटॉन मधल्या कार्बनवर जातो, जिथे हायड्रोजन कमी आहेत. मंत्र तोंडावर पडतो, आपला प्रश्न उभा राहतो. आता ३-मिथिल-१-ब्युटीनला एचसीएल जोडून दोन उत्पादितं का मिळतात ते तूच शोध. शेजारचा हायड्रोजन सरकला तर प्रभार कुठे जाईल, एवढाच इशारा देते.

प्रश्न : करोनाच्या काळापासून घरात सॅनिटायझर आहे. बाटलीवर ‘आयसोप्रोपिल अल्कोहोल’ असतं. साधं प्रोपिल अल्कोहोल का नसतं? ते विषारी असतं का? मुलगी दहावीत आहे, तिने विचारलं आणि मी गप्प बसलो. (एक पालक, खारघर)

उत्तर : पिण्यासाठी दोन्ही वाईटच. जंतू मात्र दोन्ही मारतात. युरोपात साधं प्रोपेनॉलही हाताच्या जंतुनाशकात वापरतात. प्रश्न विषाचा नाही, कोणता मार्ग सोपा याचा आहे.

तुमच्या घरापासून फार लांब नाही, तळोज्याला दीपक फर्टिलायझर्सच्या कारखान्यात प्रोपिलीनपासून आयसोप्रोपिल अल्कोहोल बनतं. प्रोपिलीन म्हणजेच वरच्या पत्रातलं प्रोपीन. त्यात आम्लाच्या साथीने पाणी जोडायचं. आधी येतो प्रोटॉन, टोकाला बसतो, प्रभार मध्ये, मग पाण्याचा ऑक्सिजन मध्ये चिकटतो. ओएच मधल्या कार्बनवर, म्हणजे आयसो. पाणी जोडून साधं प्रोपेनॉल काढायला गेलात तर अभिक्रिया ऐकतच नाही. ते हवं असेल तर इथिलीन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांपासून आधी प्रोपॅनाल करायचं आणि मग त्यावर पुन्हा हायड्रोजन जोडायचा, अशी वेगळीच वाट धरावी लागते.

आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्याला प्रोपिलीन काही नवं नाही. नोसिल कंपनीचा नॅफ्था क्रॅकर, म्हणजे नॅफ्था तोडून प्रोपिलीनसारखे वायू काढणारा कारखाना, इथे १९६८ मध्ये सुरू झाला. नोसिल नाक्यावर बस पकडणाऱ्या आजच्या मुलांना ते नाव कशाचं हे विचारून बघा. त्याच रस्त्यावर हर्डिलिया कंपनीत फिनॉल बनायचं, तेही क्युमिनच्या वाटेने. प्रोपिलीनवर प्रोटॉन टोकाला, प्रभार मध्ये, आणि मागून पाण्याऐवजी बेंझिन. म्हणून क्युमिन म्हणजे आयसोप्रोपिल बेंझिन. त्यावर हवा सोडायची, मग आम्ल, की फिनॉल आणि ॲसिटोन एकाच हप्त्यात. मुलीला हे सांगा. दहावीला विचारणार नाहीत, पण ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना तिला खिडकीबाहेर बघायला कारण मिळेल.

प्रश्न : डिसेंबरात सकाळी खोबरेल तेलाची बाटली गच्च गोठलेली असते आणि शेजारचं शेंगदाण्याचं तेल वाहतं. मुलगा म्हणतो, दुहेरी बंधामुळे. मग वनस्पती तूप तर तेलापासूनच करतात, ते कसं घट्ट होतं? आणि ते वाईट का म्हणतात? (एक गृहिणी, घोडबंदर रोड)

उत्तर : मुलगा बरोबर आहे. शाबासकी द्या, पण अर्धीच, कारण पुढचं त्याने सांगायला हवं होतं.

तेलातल्या मेदाम्लांच्या लांब साखळ्या सरळ असतील तर एकमेकींना लागून नीट रचल्या जातात आणि तेल गोठतं. साखळीत दुहेरी बंध असेल, तोही निसर्गात असतो तसा सिस (साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला), तर तिथे साखळी वाकते आणि रचना बिघडते. खोबरेलात दुहेरी बंध फार थोडे, ते चोवीस अंशांच्या आसपासच गोठतं. घोडबंदरला डोंगराच्या बाजूने थंडी उतरते तेव्हा पारा त्याच्या बराच खाली जातो.

दुहेरी बंध किती ते मोजायचं माप म्हणजे आयोडीन मूल्य. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन पचवतं, तो आकडा. खोबरेल साडेसात ते दहा, शेंगदाणा पंच्याऐंशी ते नव्व्याण्णव, सूर्यफूल शंभराच्या वर, आणि जवस १७० च्याही पुढे. हेच माप आम्ही तुर्भ्याला टँकरमागून टँकर काढायचो. तेल तोलून फ्लास्कमध्ये घ्यायचं, विरघळवायचं, त्यात विज द्रावण घालायचं, बूच लावायचं आणि फ्लास्क अर्धा तास अंधाऱ्या कपाटात ठेवायचा. विज द्रावणात आयोडीन मोनोक्लोराइड असतं. नुसतं आयोडीन दुहेरी बंधाला फार सावकाश जोडलं जातं आणि उलटही फिरतं, त्यावर टँकर सोडता येत नाही. मग पोटॅशियम आयोडाइड घालून, उरलेलं आयोडीन थायोसल्फेटने मोजायचं. स्टार्च घालायचा तो द्रावण फिकं पिवळं झाल्यावरच. घाईने आधी घातला तर आयोडीन स्टार्चला धरून बसतं आणि निळा रंग जाता जात नाही. नवी मुलं इथे हमखास घाई करत. त्यांना आणखी एक गोष्ट उलटी वाटायची. थायोसल्फेट कमी लागलं तर आयोडीन मूल्य जास्त, कारण मोजतो ते उरलेलं. म्हणूनच तेल न घालता केलेली कोरी चाचणी शेजारी लागतेच, तिच्यातून वजा करायचं.

मुलाच्या दहावीच्या पुस्तकात तेल आणि वनस्पती तुपावर टिंक्चर आयोडीन घालून पाहायचा प्रयोग आहे, तो याच घराण्यातला.

आता वनस्पती. गरम तेलात निकेलचं बारीक चूर्ण आणि दाबाखाली हायड्रोजन. निकेल नसेल तर काही घडत नाही. हायड्रोजनचा रेणू निकेलच्या पृष्ठभागावर फुटतो, दुहेरी बंधही तिथेच टेकतो, आणि दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूने, एकामागून एक, चढतात. पॉल साबातिए यांना धातूंच्या चूर्णावरच्या या कामासाठी १९१२ चं नोबेल मिळालं. तेल घट्ट करण्याचं पेटंट मात्र जर्मनीतल्या विल्हेल्म नॉर्मान यांनी त्याआधीच, १९०२ मध्ये घेतलं होतं.

वाईट का, याचं उत्तर ‘एकामागून एक’ मध्ये आहे. पहिला हायड्रोजन चढला, दुसरा अजून यायचाय, आणि तेवढ्यात पहिला पुन्हा उतरला, असं सर्रास होतं. मधल्या क्षणी कार्बनभोवती फिरायला मोकळीक मिळालेली असते, त्यामुळे दुहेरी बंध परत बनतो तो सिस न बनता ट्रान्स, म्हणजे दोन भाग विरुद्ध बाजूंना असलेला, बनतो. ट्रान्स साखळी जवळपास सरळच. तूप छान घट्ट दिसतं, पण ते मेद रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. म्हणजे धोका अर्धवट हायड्रोजन जोडलेल्या तेलात. शेवटपर्यंत जोडलं तर दुहेरी बंधच उरत नाहीत, मग ट्रान्सही नाही. फक्त ते मेणासारखं कडक होतं आणि पुरीला कामाचं राहत नाही. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, १ जानेवारी २०२२ पासून असल्या कारखानी ट्रान्स मेदाची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. पाकिटामागे आकडा छापलेला असतो. बेकरीच्या सुट्या खारीवर तो नसतो, म्हणून मी खारी घेत नाही. नानकटाईबद्दल विचारू नका.

प्रश्न : प्रात्यक्षिकाच्या वेळी सायक्लोहेक्झीनमध्ये ब्रोमीन वॉटर घातलं, रंग गेला. मी जर्नलमध्ये ‘डायब्रोमो’ लिहिलं. सरांनी लाल शाईने खोडलं आणि कारण सांगितलं नाही. (बारावी, ऐरोली)

उत्तर : सर बरोबर, पण कारण सांगायला काय हरकत होती?

आधी येतो ब्रोमीनचा धन तुकडा, आणि तो एका कार्बनवर न बसता दोन्ही कार्बनना एकदम धरतो. तीन अणूंचं हे कडं म्हणजे ब्रोमोनियम आयन. आय. रॉबर्ट्स आणि जी. ई. किंबल यांनी १९३७ मध्ये ही कल्पना मांडली. एनएमएमटीच्या बसमध्ये पुढच्या दारात कोणी धिप्पाड माणूस अडून उभा राहिला की बाकीच्यांना मागच्या दाराने चढावं लागतं, तसा दुसरा येणारा समोरून येऊच शकत नाही, पाठीमागूनच येतो. म्हणून दोन गट विरुद्ध बाजूंना. आता हा दुसरा कोण? ब्रोमीन एखाद्या निष्क्रिय द्रावकात असेल तर ब्रोमाइड, आणि उत्पादित ट्रान्स-१,२-डायब्रोमोसायक्लोहेक्झेन. पण तू ब्रोमीन वॉटर घेतलंस, तिथे ब्रोमाइडच्या मानाने पाण्याचे रेणू प्रचंड. पाणीच आधी पोचतं. मुख्यतः मिळतं ब्रोमोहायड्रिन, एका कार्बनवर ब्रोमीन, शेजारी ओएच, दोन्ही एकमेकांना ट्रान्स. जर्नलमध्ये तेच लिही.

दुहेरी बंध ओळखायच्या दुसऱ्या, बेयर चाचणीत, म्हणजे थंड, सौम्य, अल्कधर्मी पोटॅशियम परमँगनेटमध्ये, परमँगनेटचे दोन ऑक्सिजन एकाच बाजूने एकत्र येतात, म्हणून डायॉल, म्हणजे दोन ओएचवालं उत्पादित, सिस. जांभळा रंग जाऊन तपकिरी गाळ दिसतो, तो मँगनीज डायऑक्साइड. आणि तोंडी परीक्षेत फसू नकोस. ब्रोमीन वॉटरचा रंग फिनॉलही घालवतं, पांढरा गाळ देऊन. परमँगनेटचा रंग अल्डिहाइडही घालवतं. रंग गेला म्हणजे अल्कीनच, दुहेरी बंधाचंच संयुग, असं नाही.

प्रश्न : बेंझिनमध्ये तीन दुहेरी बंध आहेत, मग ब्रोमीनचा रंग का जात नाही? (अकरावी, वाशी)

उत्तर : कारण ते तीन वेगळे दुहेरी बंध नाहीतच, सहा इलेक्ट्रॉन कड्यावर सगळीकडे पसरलेले आहेत. सायक्लोहेक्झीनला हायड्रोजन जोडताना मोलमागे सुमारे १२० किलोज्यूल उष्णता निघते. तीन बंधांना ३६० निघायला हवी, बेंझिनपासून मात्र सुमारे २०८ च निघते. म्हणजे बेंझिन आधीच दीडशेने खाली, आरामात बसलेलं आहे. त्याला ब्रोमीन जोडलं की कड्यातलं ते स्थैर्य मोडतं, म्हणून ते नकार देतं. लोखंडाचा कीस घातला तर रंग जातो खरा, पण तेव्हा परीक्षानळीच्या तोंडाशी ओला निळा लिटमस धरून बघ. तो लाल होतो, कारण एचबीआर बाहेर येतोय. समावेशनात काहीच बाहेर पडत नाही. हे प्रतियोजन आहे, हायड्रोजन जाऊन त्याच्या जागी ब्रोमीन, आणि ते पुढच्या धड्यात.